चिवट प्रदूषकांवर शीत प्लाझ्माची मात्रा

कापड रंगविण्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी कोणत्या रंगाचे असेल, हे त्या दिवशी कोणता माल टाकीत आहे यावर अवलंबून असते. इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी यांसारख्या वस्त्रोद्योगाच्या केंद्रांत राहणाऱ्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगावयास नको. सुती कापडासाठी वापरण्यात येणारे रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जखडले जातात. म्हणूनच ते सहसा धुण्यात जात नाहीत. परंतु टाकीत घातलेला सगळाच रंग धाग्यास लागत नाही. उरलेला रंग, त्याच्यासोबत घातलेले मीठ व सोडा, कापड मऊ करणारी द्रव्ये आणि खळीचा अंश असे सारे मिळून सांडपाणी तयार होते. ते पुरेशी प्रक्रिया न होता नाल्यात गेले, तर नदीपर्यंत पोहोचावयास त्याला वेळ लागत नाही. इचलकरंजीजवळून वाहणारी पंचगंगा पुढे नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. म्हणजे वरच्या अंगाचा प्रश्न खालच्या अंगाच्या गावांचाही होतो.

पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा करण्यात महाराष्ट्र मागे राहिलेला नाही. केंद्राचा कायदा १९७४ मध्ये झाला. महाराष्ट्राने आपला कायदा १९६९ मध्येच केला होता आणि त्यानुसार १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनाही झाली. सांडपाणी प्रक्रियेच्या पद्धतीही आता सर्वपरिचित आहेत. तुरटी, चुना किंवा लोहक्षार घालून मळ खाली बसवावयाचा, मग हवा खेळविलेल्या टाक्यांत जीवाणूंकडून सेंद्रिय द्रव्ये खाववून घ्यावयाची, आणि शेवटी आवश्यक तर कोळशाच्या भुकटीतून पाणी गाळावयाचे, असा हा सर्वसाधारण क्रम आहे.

या क्रमात एक मेख आहे. जीवाणूंना खळीतील पिष्ट आवडते. रंग आवडत नाही. ऊन, साबण आणि घाम यांना दाद देऊ नये अशाच रीतीने रंगाचा रेणू घडविलेला असतो. ज्या गुणासाठी रंगास बाजारात किंमत मिळते, तोच गुण सांडपाण्यात अवगुण ठरतो. तुरटीने रंग खाली बसतो हे खरे, पण तो मोडत नाही; तो गाळात जातो. कोळसा त्याला धरून ठेवतो, पण कालांतराने कोळसाच भरून जातो. प्रदूषक नाहीसा होत नाही, फक्त आपली जागा बदलतो. मग त्या गाळाचे आणि त्या कोळशाचे काय करावयाचे, हा नवा प्रश्न उभा राहतो.

रंगांखेरीज इतरही अनेक द्रव्ये या वर्गात मोडतात. कीटकनाशके, फिनॉल, औषधांचे अंश ही त्यांपैकी काही. शेजारच्या तेलंगणातील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ते ज्या प्रमाणात असते, त्याहून हे प्रमाण अधिक होते; आणि हे प्रक्रिया झाल्यानंतरचे पाणी होते, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अशा पाण्यात तग धरून राहणारे जंतू पुढे औषधालाही जुमानीनासे होतात.

सबब, अशा द्रव्यांना एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे न ठेवता त्यांचा रेणूच मोडून टाकता येईल काय, या दिशेने शास्त्रज्ञांचे प्रयत्न चालू आहेत. त्या प्रयत्नांतील एक मार्ग म्हणजे शीत प्लाझ्मा.

चौथी अवस्था

प्लाझ्मा म्हटले की सर्वसाधारण वाचकास रक्तातील द्रव आठवतो. त्या द्रवाशी येथे संबंध नाही, असला तर केवळ नावापुरता. घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था शाळेत शिकविल्या जातात. वायूस भरपूर ऊर्जा दिली असता त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मोकळे इलेक्ट्रॉन, विद्युत्भारित आयन व साधे अणू यांचे मिश्रण तयार होते. ही झाली चौथी अवस्था. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये तिला प्लाझ्मा हे नाव दिले. सूर्य आणि तारे याच अवस्थेत आहेत. आकाशातील वीज क्षणभर याच अवस्थेत असते.

सूर्य आणि वीज ही उष्ण प्लाझ्माची उदाहरणे होत. गुजरातमध्ये गांधीनगरजवळ असलेल्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेने रुग्णालयातील कचरा नष्ट करण्यासाठी जी यंत्रणा विकसित केली तीही उष्ण प्लाझ्मावर चालते. शीत प्लाझ्माचा प्रकार निराळा आहे, आणि त्याचे उदाहरण घरोघरी आहे, किंवा अलीकडेपर्यंत होते. ट्यूबलाइट पेटलेली असताना तिच्या काचेस हात लावला तर हात भाजत नाही. मात्र त्याच नळीत धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे तापमान सुमारे ११ हजार अंशांच्या घरात असते! हे दोन्ही एकाच वेळी कसे शक्य आहे? इलेक्ट्रॉन अणूच्या मानाने अतिशय हलका असतो. विजेच्या क्षेत्रात तो झपाट्याने वेग घेतो, पण जड अणूवर आदळला तरी अणूस फारसा हलवीत नाही. गोटीने दगडी पाट्यास धक्का द्यावा तसे हे आहे. त्यामुळे इलेक्ट्रॉन तप्त आणि वायू मात्र थंड, अशी विषम स्थिती टिकून राहते.

पाणी शुद्ध करण्याच्या दृष्टीने ही विषमता फार मोलाची आहे. पाणी तापविण्यात वीज खर्च न होता ती बहुतांशी इलेक्ट्रॉनांस मिळते. हे वेगवान इलेक्ट्रॉन पाण्याच्या वाफेच्या रेणूंवर आदळून त्यांचे तुकडे करतात. त्यातून हायड्रोजनचा अणू आणि हायड्रॉक्सिल मूलक असे दोन भाग होतात. हायड्रॉक्सिल हा या साऱ्या प्रकरणाचा नायक होय. ऑक्सिडीकरण करण्याचे सामर्थ्य व्होल्टमध्ये मोजण्याची पद्धत आहे. क्लोरीनचे हे सामर्थ्य सुमारे १.३६, हायड्रोजन पेरॉक्साइडचे १.७८, ओझोनचे २.०७, तर हायड्रॉक्सिलचे २.८ आहे. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूतून हायड्रोजन हिसकावून घ्यावयाचा, नाही तर त्याच्या दुहेरी बंधास जाऊन चिकटावयाचे, एवढेच त्याला ठाऊक असते.

जुनी विद्या, नवा उपयोग

या क्षेत्रातील सर्वच गोष्टी नव्या आहेत असे मानण्याचे कारण नाही. दोन विद्युदग्रांमध्ये काचेचा अडथळा ठेवून त्यांना उच्च दाबाची प्रत्यावर्ती वीज दिली, की मोठी एकच ठिणगी न पडता असंख्य बारीक ठिणग्यांचे जाळे तयार होते. त्यांतील प्रत्येक ठिणगी काही नॅनोसेकंदांत विझते, म्हणून वायूस तापण्यास अवसर मिळत नाही. ही युक्ती जर्मनीतील वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये ओझोन तयार करण्यासाठी योजिली होती. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण ओझोनने होऊ लागले. म्हणजे शीत प्लाझ्माची पाण्याशी ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे.

फरक आहे तो जागेचा. ओझोनच्या यंत्रात ठिणग्या एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असते. तयार झालेला ओझोन नळीने आणून पाण्यात सोडतात. नव्या पद्धतीत ठिणग्या पाण्याच्या पृष्ठभागावरच, किंवा पाण्यातील बुडबुड्यांत, पाडतात. असे करणे भाग आहे, कारण हायड्रॉक्सिलचे आयुष्य फार थोडे असते. दूषित पाण्यात तो सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाइतकाही टिकत नाही आणि तेवढ्यात धुळीच्या बारीक कणाच्या रुंदीएवढेही अंतर कापीत नाही. त्याला नळीने आणावयाचे म्हटले तर वाटेतच तो संपणार. म्हणून जेथे तो जन्मतो तेथेच प्रदूषकाने हजर असले पाहिजे. पाण्याचा पातळ पापुद्रा करून तो ठिणग्यांखालून वाहविणे, पाण्याचे बारीक तुषार ठिणग्यांमधून पाडणे, तळाशी वायू सोडून त्याच्या बुडबुड्यांत वीज खेळविणे, असे नाना प्रकार संशोधकांनी करून पाहिले आहेत. यंत्राच्या रचनेतील बहुतेक सारी कल्पकता या एका भेटीच्या सोयीसाठी खर्च झाली आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

हायड्रॉक्सिल एकटाच काम करीत नाही. त्याच वेळी ओझोन, अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हीही निर्माण होतात. दोन हायड्रॉक्सिल एकमेकांस भेटले की पेरॉक्साइड होतो, आणि मग तो बराच सौम्य असतो. परंतु पाण्यात थोडा लोहक्षार घातला की पेरॉक्साइडपासून पुन्हा हायड्रॉक्सिल मिळतो. ही अभिक्रिया ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णिली. थोडक्यात, वाया गेलेला माल स्वस्त लोखंडाच्या साहाय्याने परत उपयोगात आणता येतो.

फिनॉलचा धडा

रंगाचे पाणी ठिणग्यांखाली धरले की काही मिनिटांत फिके पडते. प्रयोगशाळेत मेथिलीन ब्लू हा निळा रंग या प्रात्यक्षिकासाठी पुष्कळदा वापरतात. पाहणाऱ्यास हे दृश्य मोठे समाधानकारक वाटते. परंतु येथेच सावध राहावयास हवे. अझो रंगाच्या रेणूत दोन नत्र अणूंचा एक दुवा असतो. तो तुटला की रंग गेला. रेणूचे उरलेले अर्धे-अर्धे भाग मात्र पाण्यातच असतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत.

हे फिनॉलच्या उदाहरणावरून चांगले समजते. फिनॉल म्हणजे पूर्वी दवाखान्यांत ज्याचा वास येत असे ते कार्बोलिक ॲसिड. राळ, औषधे, खनिज तेलाचे शुद्धीकरण, कोळशापासून कोक तयार करणे अशा अनेक उद्योगांच्या सांडपाण्यात ते असते. त्याचा रेणू म्हणजे सहा कार्बन अणूंचे एक कडे. शुद्ध पाण्यातील फिनॉल रंगहीन असते. प्लाझ्माची प्रक्रिया सुरू केली की हे रंगहीन पाणी आधी तपकिरी होऊ लागते! हायड्रॉक्सिल कड्यास चिकटतो, त्यातून कॅटेकॉल व हायड्रोक्विनोन तयार होतात, आणि त्यांपासून बेन्झोक्विनोन. हा रंग त्यांचा असतो. प्रक्रिया पुढे चालू ठेवली तर कडे तुटते, मॅलेइक आम्लासारखी लांब आम्ले तयार होतात, मग ऑक्झॅलिक व फॉर्मिक ही लहान आम्ले, आणि सरतेशेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी.

आता, कोणी खर्च वाचविण्यासाठी ही प्रक्रिया मध्येच थांबविली तर? हायड्रोक्विनोन व बेन्झोक्विनोन ही द्रव्ये जलचरांना मूळ फिनॉलपेक्षाही अधिक घातक आहेत. फिनॉल मोजणारी चाचणी मात्र फिनॉल संपले असेच सांगेल. याउलट, कडे तुटून लहान आम्ले झाली की जीवाणू ती आनंदाने खातात. पुढचे काम प्लाझ्माने करण्याची गरजही राहत नाही. केव्हा थांबावे हे कळणे, सुरू कसे करावे हे कळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आणि ते केवळ पाण्याच्या रंगावरून कळत नाही.

जेथे हायड्रॉक्सिलही हात टेकतो

एवढा बलवान हायड्रॉक्सिलसुद्धा काही द्रव्यांपुढे निष्प्रभ ठरतो. न चिकटणारे तवे बनविताना आणि तेलाच्या आगी विझविण्याच्या फेसात ज्यांचा वापर झाला, ती फ्लुओरिनयुक्त संयुगे या प्रकारची होत. कार्बन व फ्लुओरिन यांचा बंध सेंद्रिय रसायनातील सर्वांत बळकट बंधांपैकी एक आहे. जीवाणू, ऊन, क्लोरीन यांपैकी कशानेही तो सहजी तुटत नाही. यांतील पीएफओएस या द्रव्याचा समावेश चिवट सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम करारात २००९ मध्ये आणि पीएफओए याचा २०१९ मध्ये करण्यात आला. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातील या दोहोंची मर्यादा प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम अशी ठरविली. एक ग्रॅम द्रव्य २५ कोटी लिटर पाण्यात विरघळविले तर हे प्रमाण मिळते.

विमानतळांवर आगीच्या सरावासाठी वर्षानुवर्षे वापरलेला फेस जमिनीत मुरून भूजल दूषित झाल्याचे अमेरिकेत ठिकठिकाणी आढळून आले. ओहायो राज्यातील राइट-पॅटरसन या हवाई दलाच्या तळावर २०१९ मध्ये क्लार्कसन विद्यापीठाच्या संशोधकांनी वाहनावर बसविलेल्या प्लाझ्मा यंत्राने अशा भूजलावर प्रत्यक्ष प्रयोग केले. त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. ही द्रव्ये साबणासारखी असतात. रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाण्यापासून दूर पळते. त्यामुळे पाण्यात बुडबुडा दिसला की ती त्याच्या पृष्ठभागावर गोळा होतात. या यंत्रात तळातून आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडतात. बुडबुडे वर येताना प्रदूषकांस आपल्याबरोबर पृष्ठभागावर आणतात आणि तेथेच वरून विजेच्या ठिणग्या पडतात. येथे रेणू मोडण्याचे काम हायड्रॉक्सिलऐवजी मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन करतात. लांब साखळीची द्रव्ये यात लवकर मोडतात. आखूड साखळीची मात्र पृष्ठभागाकडे फारशी येत नाहीत, म्हणून ती जड जातात.

प्रदूषकाचे प्रमाण अत्यल्प, पण ते घातक आणि इतर उपायांस न बधणारे, अशा ठिकाणी प्लाझ्माचा पाया किती पक्का आहे हे या प्रयोगावरून दिसते. तथापि, ओहायोचे भूजल आणि आपल्याकडील रंगाईचे सांडपाणी यांत मोठे अंतर आहे.

विजेचा हिशेब

हे अंतर सर्वप्रथम विजेच्या बिलात दिसते. पाण्याच्या एका घनमीटरमधील, म्हणजे हजार लिटरमधील, एखादे प्रदूषक ९० टक्क्यांनी कमी करण्यास किती युनिट वीज लागते, हे या क्षेत्रातील तुलनेचे माप आहे. यंत्र आणि प्रदूषक यांप्रमाणे ते आकडे फार बदलतात. समजा, एखाद्या यंत्रास घनमीटरमागे १० युनिट लागली. दररोज १० लाख लिटर पाणी सोडणाऱ्या कारखान्यास मग रोज १० हजार युनिट वीज केवळ यासाठी लागेल. शहरी सांडपाण्यावरील नेहमीच्या जैविक प्रक्रियेस घनमीटरमागे साधारणतः एका युनिटपेक्षाही कमी वीज लागते. सर्व सांडपाणी सरसकट प्लाझ्माखालून काढण्याची कल्पना म्हणूनच व्यवहारात बसणारी नाही. जे काम जीवाणू जवळजवळ फुकट करतात, ते विजेकडून करून घेण्यात शहाणपण कोणते?

दुसरी अडचण पाण्यातील इतर द्रव्यांची. हायड्रॉक्सिल आपपरभाव जाणत नाही. रंगाऐवजी समोर सोड्यातील कार्बोनेट आले तर तो त्यावरच खर्च होतो. रंगाईच्या पाण्यात सोडाही असतो आणि मीठही. मीठ असलेले पाणी विजेचे चांगले वाहक असते. त्यामुळे पाण्याच्या आत ठिणगी पाडावयाची झाल्यास वीज ठिणगीत न जाता पाण्यातूनच निसटते. पाण्याच्या वरून ठिणग्या पाडणाऱ्या रचनेत ही अडचण कमी होते. मिठातील क्लोराइडचे ऑक्सिडीकरण होऊन क्लोरेटसारखी नको असलेली द्रव्ये तयार होण्याचा संभवही लक्षात घ्यावा लागतो.

तिसरी अडचण हवेची. आर्गॉन महाग, म्हणून साधी हवा वापरावी असे कोणासही वाटेल. परंतु हवेत नत्रवायू असतो. ठिणगीत त्याचे ऑक्साइड होऊन ते पाण्यात विरघळतात, पाणी आम्लधर्मी होते आणि त्यात नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. (असे नायट्रेटयुक्त पाणी बियाणे व पिके यांना उपयोगी पडेल काय, याचेही संशोधन अनेक ठिकाणी चालू आहे, पण तो स्वतंत्र विषय झाला.) ठिणग्यांनी विद्युदग्र झिजतात, ते बदलावे लागतात, हेही खर्चात धरावयास हवे.

या साऱ्याचा विचार करता प्लाझ्माची जागा कारखान्याच्या आत, अगदी उगमाशी आहे असे दिसते. रंगाईच्या टाकीचे पहिले पाणी गडद असते. नंतरच्या धुलाईचे पाणी त्या मानाने पुष्कळ आणि फिके. दोन्ही एकाच गटारात सोडण्याची पद्धत सोयीची असली तरी त्यामुळे थोडे चिवट पाणी पुष्कळशा साध्या पाण्यात मिसळून सारेच अवघड होऊन बसते. पहिले पाणी वेगळे काढले तर प्लाझ्मासमोर येणारे पाणी थोडे राहील. त्यातील रेणू जीवाणूंना पचतील इतपत मोडले की ते पाणी नेहमीच्या प्रक्रियेकडे वळविता येईल. अर्थात याच पहिल्या पाण्यात मीठही सर्वाधिक असते, हे विसरून चालणार नाही. औषध कारखान्यांत प्रतिजैविकांचे पाणी असेच उगमाशी वेगळे ठेवता येण्याजोगे असते. तेथे मिठाची अडचण कमी असेल तर हा मार्ग अधिक सुकर ठरेल.

प्रक्रिया पुरेशी झाली की नाही, हे ठरविण्यासाठी निव्वळ रंग पाहून भागत नाही. पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बन मोजणे हा एक उपाय. रंग गेला आणि कार्बन तेवढाच राहिला, तर रेणूचे फक्त तुकडे झाले आहेत असे समजावे. आपल्या देशात नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत रासायनिक प्राणवायू मागणी लिटरला २५० मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी ३० मिलिग्रॅम या मर्यादा सर्वांस परिचित आहेत. त्याच मानकांत आणखी एक चाचणी आहे, तिच्याकडे मात्र लक्ष कमी जाते. त्या चाचणीत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात, त्यात दुसरे पाणी न मिसळता, मासे सोडतात. ९६ तासांनंतर त्यांपैकी ९० टक्के मासे जिवंत असावे लागतात.